अवकाश खातं दिल्लीत का नाही?

केंद्राची जवळपास सगळी खाती दिल्लीत. अवकाश विभागाचं सचिवालय मात्र बंगळूरला, आणि विभागाचे सचिव तेच इस्रोचे अध्यक्ष. ही घडी 1972 मध्ये जाणूनबुजून बसवलेली आहे.

त्याआधी दहा वर्षं हे काम अणुऊर्जा विभागाच्या पोटात होतं. होमी भाभांच्या पाठबळावर 1962 मध्ये अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती नेमली गेली. अध्यक्ष विक्रम साराभाई, सदस्य-सचिव कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त जवळून जातं, वातावरणाच्या वरच्या थरांच्या अभ्यासाला ते सोयीचं, म्हणून केरळातलं थुंबा निवडलं आणि तिथल्या चर्चमध्येच कचेरी थाटली. रॉकेटचं टोक सायकलच्या कॅरियरवरून नेतानाचा फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. 21 नोव्हेंबर 1963 ला तिथून पहिलं रॉकेट उडालं. ते अमेरिकेचं, त्यातलं सोडियमच्या वाफेचं उपकरण फ्रान्सचं. आपली होती ती जागा आणि माणसं.

15 ऑगस्ट 1969 ला इस्रो स्थापन झाली, तीही अणुऊर्जा विभागातच. मग 30 डिसेंबर 1971 ला साराभाई अचानक गेले. इंदिरा गांधींनी सतीश धवनांना विचारलं. ते तेव्हा अमेरिकेत, कॅल्टेकमध्ये होते. त्यांनी दोन अटी घातल्या: बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचं संचालकपद सोडणार नाही, आणि मुख्यालय बंगळूरलाच हवं. पंतप्रधानांना अट घालणारा शास्त्रज्ञ आणि ती मानणाऱ्या पंतप्रधान, दोन्ही गोष्टी विरळाच. ते येईपर्यंत एम. जी. के. मेनन यांनी कारभार पाहिला. दरम्यान, जून 1972 मध्ये धोरण ठरवणारा अवकाश आयोग आणि स्वतंत्र विभाग अस्तित्वात आला, थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत. आयोगात अर्थ सदस्यही असतो, त्यामुळे पैशांची चर्चा निर्णयाच्या टेबलावरच होते. माझ्या मते खरी मेख इथेच आहे.

या रचनेची परीक्षा लवकरच झाली. उपग्रह सोडणारं आपलं पहिलं रॉकेट, एसएलव्ही-3, याचं काम चालू असताना आधी इंदिराबाई, मग मोरारजी देसाई, मग चरणसिंग आणि पुन्हा इंदिराबाई असे पंतप्रधान बदलले. 10 ऑगस्ट 1979 ला पहिलं उड्डाण सदोष झडपेमुळे बंगालच्या उपसागरात कोसळलं. तरी प्रकल्प गुंडाळला गेला नाही, धवनही हलले नाहीत. 18 जुलै 1980 ला रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. त्या रॉकेटच्या घन इंधनामागे वसंत गोवारीकरांची मेहनत होती.

2020 मध्ये सरकारने हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं केलं. 18 नोव्हेंबर 2022 ला हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचं विक्रम-एस रॉकेट श्रीहरिकोट्याहून उडालं. अशा कंपन्यांना परवाने देणारी इन-स्पेस ही संस्था अहमदाबादला आहे. पण तीही अवकाश विभागाच्याच हाताखाली.