जाडी तीच, पण भरवसा नाही

मार्चचा दुसरा आठवडा. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात सकाळी तापमान उणे २, पण ऊन लख्ख. हिवाळाभर घरात उभ्या असलेल्या सायकली आम्ही बाहेर काढल्या. घरातल्या २० अंशांत टणक असलेली चाकं बाहेर थोड्या वेळात मऊ लागली. पंक्चर नव्हतं, २२ अंशांच्या फरकाने आतल्या हवेचा एकूण दाब साडेसात टक्क्यांनी उतरतो. पंप मारला आणि निघालो.

मोनोना तळ्यालगतची सायकलवाट एका ठिकाणी बांधावरून जाते. एका हाताला मोठं तळं, दुसऱ्या हाताला त्याचाच तुटलेला तुकडा, मोनोना बे. दोन्हीकडे बर्फ, आणि बर्फावरून येणारा वारा हातमोज्यांनाही जुमानत नव्हता. मैत्रीण सोलापूरची, इथला तिचा पहिलाच हिवाळा. ब्रेक दाबून ती म्हणाली, "अरे, जानेवारीत इथे माणसं बर्फाला भोकं पाडून मासे धरत बसायची. बर्फ तर अजून आहेच की. मग आज एकही माणूस का नाही?"

जाडी मोजली असती, तर कदाचित जानेवारीपेक्षा फार कमी भरली नसती. बिघडली होती ती आतली बांधणी.

पाणी सर्वांत जड असतं ४ अंशांना. त्याहून थंड पाणी हलकं होऊन वर राहतं, म्हणून तळं वरून गोठतं आणि मासे खाली जगतात. शांत पाण्यावर धरलेला बर्फ पुढे खाली वाढत जातो तो उभ्या खांबांसारख्या स्फटिकांनी. गोठताना हे स्फटिक पाण्यातले क्षार आपल्यात घेत नाहीत, बाहेर ढकलतात. ते दोन खांबांच्या सांध्यात साठतात, आणि क्षार असलेला सांधा शुद्ध बर्फाच्या आधी वितळतो.

जानेवारीत वर बर्फाची भुरभुर असते. ती बहुतेक ऊन परतवून लावते. मार्चमध्ये ती जाते आणि ऊन थेट आत शिरतं. सांधे सुटू लागतात. वाळवी लागलेल्या दारासारखं होतं: बाहेरून दार शाबूत, आतून पोकळ. इथले लोक याला मेणबत्ती-बर्फ म्हणतात. मार्चच्या अशा बर्फावर पाऊल टाकू नये, हे मी तिला दोनदा बजावलं.

ऊन बर्फाच्या खालीही पोचतं. तिथलं शून्याजवळचं पाणी जरासं तापलं की जड होऊन बुडतं, खालचं वर येतं. वर सगळं स्तब्ध, आणि खाली पाणी घुसळून निघतंय! मला या तळ्यांची ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

तरीही बर्फ चिवट असतो. शून्य अंशांचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत नेता येतं. म्हणून दुपारी ऊन तापलं तरी तळं लगेच सुटत नाही.

ते कधी सुटतं याची नोंद शेजारच्या मेंडोटा तळ्यावर १८५०च्या दशकापासून ठेवली जाते. पिकनिक पॉइंटपासून मेपल ब्लफपर्यंत होडी नेता येते का, ही तिथली जुनी कसोटी. १८८०-८१च्या हिवाळ्यात बर्फ १६१ दिवस टिकला होता. २००१-०२ मध्ये फक्त २१. वर्षं वर-खाली होतात, पण एकूण कल बर्फाचे दिवस घटण्याकडेच आहे. इतक्या पिढ्यांनी न कंटाळता तळ्याकडे पाहिलं, म्हणून आज हे आपल्याला ठामपणे सांगता येतं.

परतताना काठाशी थांबलो. बर्फाची कड सुटली होती आणि लाटेबरोबर तुकडे एकमेकांवर किणकिणत होते, काचेच्या बांगड्यांसारखे. मैत्रिणीने ओणवं होऊन काठाला लागलेला एक जाड तुकडा उचलला. दगडासारखा वाटला तिला. बोटांनी जरा दाबला, आणि त्याच्या वीतभर लांबीच्या काड्या होऊन पाण्यात पडल्या.