नवे काही बसवण्यापूर्वी बॅकअप तपासा

संगणकात नवी रॅम घालायची असो किंवा ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती इन्स्टॉल करायची असो, आधी बॅकअप घ्यावा हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र घेतलेला बॅकअप परत आणता येतो का, हे पडताळणारे फार थोडे, आणि खरा धोका तिथेच आहे. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या अनेक व्यवस्था तिथे होत्या. पण रोजचा बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने तो निकामी ठरत होता, आणि तसे कळवणारे ईमेलही कोणापर्यंत पोहोचत नव्हते. सुमारे 6 तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत अखेर उपयोगी पडली. मधल्या वेळातला डेटाबेसमधला मजकूर गेला तो गेलाच.

म्हणून एखादे फोल्डर बॅकअपमधून दुसऱ्या ठिकाणी उतरवावे आणि त्यातली छायाचित्रे, हिशेब, कागदपत्रे प्रत्यक्ष उघडून पाहावीत. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम आजही पुरेसा आहे. नुसते सिंक, म्हणजे दोन ठिकाणच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणारी सोय, चालू असणे मात्र पुरत नाही, कारण एकीकडे पुसलेली फाइल दुसरीकडेही पुसली जाते. शिवाय मे 2017 मधल्या वॉनाक्रायसारखा खंडणीखोर प्रोग्रॅम संगणकाला जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद करतो. तेव्हा काम झाले की ती डिस्क काढून ठेवावी.

कॅबिनेट उघडण्यापूर्वी संगणक बंद करून वायर प्लगमधून काढावी आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर उरलेली वीज निघून जाते. पॉवर सप्लायचा डबा मात्र कधीही उघडू नये. त्यातल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांत, जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. आपल्या अंगावरच्या स्थिर विजेचा झटका साधारण 3,000 व्होल्टच्या पुढे जाणवतो, तर काही चिप शंभर व्होल्टच्या आतच बिघडतात; म्हणजे आपल्याला काहीही न कळता नुकसान होऊ शकते. यासाठी अर्थिंगला जोडलेला मनगटी पट्टा वापरावा आणि रॅम कडांनीच धरावी.

सॉफ्टवेअर निर्मात्याच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावे. सोबत दिलेला एसएचए-256 हा, फाइलमधल्या मजकुरावरून गणिताने काढलेला 64 अक्षरांचा ठसा उतरवलेल्या फाइलच्या ठशाशी जुळतो का, हे पाहावे, कारण फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा पार बदलतो. अर्थात फाइल आणि ठसा दोन्ही एकाच ठिकाणी बदलले गेले असतील तर ही तपासणी फसते; तिथे निर्मात्याची ओळख पटवणारी डिजिटल स्वाक्षरी अधिक भरवशाची.

नवे काही बसवल्यावर जुना बॅकअप लगेच पुसू नये. सदोष रॅम फाइली गुपचूप बिघडवते, आणि त्याच बिघडलेल्या फाइली नव्या बॅकअपमध्ये जातात. रॅमची चाचणी रात्रभर चालवून ती निर्दोष ठरेपर्यंत, आणि त्यानंतरही काही आठवडे, बदलापूर्वीची प्रत वेगळी ठेवावी.