बद्धकोष्ठ: अडचण आतड्यात की दारात?

आठवडी बाजारात जडीबुटी मांडून बसलेला विक्रेता एक वाक्य हमखास बोलतो: पोटात जुना मळ साचतो, त्याचे विष रक्तात उतरते आणि डोके दुखण्यापासून सांधे धरण्यापर्यंत सारे आजार तिथूनच सुरू होतात. यवतमाळ-अमरावतीकडच्या खेड्यांत ही समजूत इतकी रुजली आहे की सकाळी पोट साफ झाले नाही तर चांगला धडधाकट माणूसही दिवसभर स्वतःला आजारी समजतो. वास्तविक दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यांपैकी कोणतेही प्रमाण निरोगी माणसात स्वाभाविक असू शकते. विषाची कल्पना केवळ आपल्याकडचीच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी तिच्यापायी बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढली. पुढे काही संशोधकांनी निरोगी माणसांच्या गुदाशयात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, नुसता कापूस भरून पाहिला, तेव्हा तीच डोकेदुखी आणि तीच अस्वस्थता निर्माण झाली. कापसात विष नव्हते. त्रास गुदाशयाच्या भिंतीवर पडलेल्या ताणाचा होता.

हाच ताण शौचक्रियेचे मूळ आहे. मोठे आतडे दिवसभर मळ घुसळत त्यातले पाणी शोषत असते. मात्र दिवसातून काही वेळा, विशेषतः जाग आल्यावर आणि जेवणानंतर, त्यात जोरदार लाट उठते, मळ पुढे सरकून गुदाशयात येतो आणि गुदाशयाची भिंत ताणली जाते. इथून पुढचे काम मला शरीरातल्या सर्वांत देखण्या यंत्रणांपैकी एक वाटते.

गुदद्वाराला स्नायूंची दोन कडी आहेत. आतले कडे आपल्या इच्छेबाहेरचे आहे. ते झोपेतही आवळलेले राहते आणि एरवी दार मिटून ठेवणारा बहुतेक दाब त्याचाच असतो. बाहेरचे कडे आपल्या हुकमातले आहे. गुदाशय ताणला गेला की आतले कडे आपोआप सैल पडते आणि त्याच वेळी बाहेरचे आवळते. आतले कडे सैल करणारा आदेश मेंदूकडून येत नाही आणि मज्जारज्जूकडूनही येत नाही. तो आतड्याच्या भिंतीतच असलेल्या मज्जापेशींच्या जाळ्यातून येतो व नायट्रिक ऑक्साइड हा वायू तो स्नायूपर्यंत पोहोचवतो. म्हणूनच पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचा भाग बधिर झालेल्या माणसातही ही प्रतिक्रिया शाबूत असते. लंडनचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी १८७७ मध्ये तिचे वर्णन केले होते. कडे सैल पडताच गुदाशयातला थोडा ऐवज खालच्या, गुदद्वाराच्या नळीत उतरतो आणि तिथले अतिसंवेदनशील अस्तर तो वायू आहे, पातळ आहे की घट्ट, हे ओळखते. दार किलकिले करून कोण आले आहे ते पाहावे, तसा हा प्रकार दिवसातून अनेकदा आपल्या नकळत घडतो. याशिवाय गुदाशयाला मागून विळखा घालणारा एक स्नायू त्याला पुढे खेचून नळीत जवळजवळ काटकोनाचा बाक ठेवतो. उकिडवे बसल्यावर हा बाक बराच सरळ होतो.

वेळ सोयीची नसेल तर आपण बाहेरचे कडे आवळून धरतो, गुदाशयाची भिंत सैलावते आणि शौचाची कळ विरते. मळ तिथेच राहतो, त्यातले पाणी शोषले जाते आणि तो कडक होतो. शौचालय नसलेल्या, किंवा असूनही त्यात पाणी नसलेल्या घरांतल्या बाया परसाकडे जाण्यासाठी अंधार पडण्याची वाट पाहतात. शाळेतले संडास वापरण्याजोगे नसल्याने मुलीही तेच करतात. असे वर्षानुवर्षे चालले की गुदाशय रुंदावतो आणि कळ येण्यासाठी पूर्वीपेक्षा जास्त मळ साचावा लागतो. याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

थायरॉइडची कमतरता, मधुमेह आणि कंपवात यांमुळे आतड्याची गती मंदावते. गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्यांनीही शौचास कडक होते, पण त्या परस्पर बंद न करता आशाताईंना सांगावे. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ल्याशिवाय होत नाही, असे म्हणणाऱ्यांच्या आतड्यात निकोटिनमुळे लाट उठते हे खरे आहे. मात्र तोच खर्रा तोंडाचा कर्करोग देतो. चूर्णातली सोनामुखीसुद्धा लाटच वाढवते. अडचण दाराशी असेल तर लाट वाढवून फारसे साधत नाही.

दाराशी अडचण दोन प्रकारे येते. सुमारे पाच हजार बाळांमागे एकाच्या आतड्यात, गर्भावस्थेत वरून खाली सरकणाऱ्या मज्जापेशी टोकापर्यंत पोहोचतच नाहीत. परिणामी तो खालचा भाग आणि आतले कडे कधीच सैल पडत नाही. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्श्प्रुंग यांनी १८८६ मध्ये या विकाराची माहिती मांडली. नवजात बाळाला ४८ तासांत पहिली काळी शी झाली नाही, पोट फुगले किंवा हिरवी उलटी झाली, तर घुटी किंवा एरंडेल पाजत बसू नये, त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. शस्त्रक्रियेने हा दोष दूर करता येतो.

दुसरा प्रकार मोठ्या माणसांचा आहे आणि तो बरेचदा ओळखलाच जात नाही. कुंथताना जे स्नायू सैल पडायला हवेत तेच उलटे आवळले जातात, त्यामुळे मळ मऊ असूनही बाहेर पडत नाही. तपासणीसाठी गुदाशयात ५० मिलिलिटर पाणी भरलेला छोटा फुगा ठेवतात. निरोगी माणूस तो सहसा मिनिटभरात बाहेर टाकतो, अशा रुग्णाला ते जमत नाही. उपचारात गुदद्वारातला दाब पडद्यावर रेषेने दाखवतात आणि पोटाने जोर लावतानाच ती रेष खाली आणण्याचा सराव रुग्णाकडून काही आठवडे करून घेतात.