सोनोग्राफर (गरोदरपणातील तपासणी)

गरोदर बाईच्या पोटावर जेल लावून प्रोब फिरवणारी, मापं घेणारी, फोटो फ्रीझ करणारी प्रशिक्षित व्यक्ती म्हणजे सोनोग्राफर. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटलं की रेडिओलॉजिस्ट नाहीतर गायनॅक डॉक्टरच डोळ्यासमोर येतात, पण ब्रिटनमध्ये हे काम बहुतेक करून डॉक्टर नसलेले लोक करतात, मूळचे रेडिओग्राफर (एक्स-रे वगैरे काढणारे तंत्रज्ञ) किंवा मिडवाइफ (प्रशिक्षित सुईण), वर पदव्युत्तर कोर्स केलेला, आणि रिपोर्टही तेच लिहितात.

या तपासणीचं जनकत्व सहसा ग्लासगोचे इयन डोनाल्ड यांना देतात, त्यांचा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला लेख १९५८ चा. पण त्या लेखावर जॉन मॅकव्हिकर आणि इंजिनिअर टॉम ब्राऊन यांचीही नावं आहेत आणि मशीन ब्राऊननी घडवलं, त्यामुळे श्रेय तिघांचं धरणं जास्त योग्य वाटतं. सोनोग्राफर हा वेगळा पेशा म्हणून साधारण १९७० च्या दशकात अमेरिकेत रुजला असावा.

खरं कौशल्य मापात आहे. पहिल्या तिमाहीत बाळाची माथ्यापासून बुडापर्यंतची लांबी, म्हणजे सीआरएल, मोजून गरोदरपणाचे दिवस ठरवतात, ही पद्धत ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये ग्लासगोहूनच मांडली. बाळ मान खाली घालून मुटकुळं करून असलं तर लांबी कमी भरते आणि दिवस कमी निघतात, मग सोनोग्राफर आईला खोकायला लावते, कुशीवर वळवते, थोडं चालून यायला सांगते, आणि बाळ सरळ झालं की त्या क्षणी फ्रीझ. ८४ मिमीच्या पुढे सीआरएल भरवशाची राहत नाही, मग डोक्याचा घेर मोजतात.

बाळाच्या हृदयाचे ठोके सापडले नाहीत तर ते सगळ्यात आधी सोनोग्राफरलाच कळतं. ब्रिटनमध्ये आतून (योनीमार्गातून) केलेल्या स्कॅनमध्ये सीआरएल ७ मिमी किंवा जास्त असून ठोके नसतील तर दुसऱ्या जाणकाराकडून खात्री करून घ्यायची असते. तिथे आईला बहुधा सोनोग्राफरच सांगते, अमेरिकेत मात्र ते सहसा डॉक्टरवर सोडतात.

भारतात चित्र वेगळं आहे. लिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, देशाचा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये कडक झाला. नुसता टेक्निशियन इथे गरोदर बाईचा स्कॅन करू शकत नाही, पात्र डॉक्टरच लागतो, प्रत्येक वेळी फॉर्म एफ (स्कॅनच्या नोंदीचा कायद्याने ठरवलेला फॉर्म) भरावा लागतो आणि बाळाचं लिंग शब्दाने, खुणेने किंवा कुठल्याही तऱ्हेने सांगणं गुन्हा आहे.