पोषणस्थितीचे वैद्यकीय मूल्यमापन

रुग्ण जे खातो ते त्याच्या गरजेला पुरते का, ते पचते का आणि पचलेले अंगी लागते का, या तीन प्रश्नांची उत्तरे विचारपूस, शरीरतपासणी, मापे आणि प्रयोगशाळेतील चाचण्या यांच्या आधारे शोधण्याची पद्धत. रुग्णालयात दाखल होताना, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, कर्करोग, क्षयरोग, यकृताचे व मूत्रपिंडाचे विकार अशा दीर्घ आजारांत आणि बालकांच्या वाढीच्या नियमित तपासणीत तिचा उपयोग होतो. कुपोषण म्हणजे कमी वजन, असे सर्रास धरले जाते. प्रत्यक्षात लठ्ठ रुग्णही कुपोषित असू शकतो, आणि काट्यावर वजन वाढताना दिसत असूनही शरीर झिजत असू शकते.

वजन : अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील शल्यचिकित्सक हायरम स्टडली यांनी जठरव्रणासाठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी १९३६ मध्ये प्रसिद्ध केल्या. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन २० टक्क्यांहून अधिक उतरले होते, त्यांतील सुमारे एक-तृतीयांश रुग्ण दगावले. इतरांत हे प्रमाण ३.५ टक्के होते. रुग्ण पन्नासच्या आसपासच होते, तरी निरीक्षण टिकले. आज वजन किती आहे यापेक्षा किती काळात किती उतरले, हे विचारणे अधिक मोलाचे ठरते. २०१९ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने ठरवलेल्या ‘ग्लिम’ निकषांतही सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक किंवा त्याहून जास्त काळात १० टक्क्यांहून अधिक घट हे प्रौढांतील कुपोषणाचे एक लक्षण मानले आहे. मात्र त्याच्या जोडीला आहार घटणे, शोषण बिघडणे किंवा शरीरात दाह असणे यांपैकी एखादे कारणही दिसावे लागते.

आपल्याकडील अनेक रुग्णांना सहा महिन्यांपूर्वीचे वजन सांगता येत नाही. तेव्हा पट्ट्याचे भोक किती मागे गेले, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात का, ब्लाऊजला टीप मारावी लागली का, जुन्या फोटोत चेहरा कसा होता, असे विचारले की अंदाज येतो. अनुभवी परिचारिकेला ही माहिती अनेकदा रुग्णाआधी त्याच्या बायकोकडून किंवा आईकडून मिळते. उभे राहू न शकणाऱ्या रुग्णाची उंची गुडघ्यापासून टाचेपर्यंतच्या अंतरावरून किंवा कोपर ते मनगट या लांबीवरून काढतात.

काट्याला सर्वांत जास्त फसवते ते पाणी. यकृत आकसलेल्या रुग्णाच्या पोटात कित्येक लिटर पाणी साठलेले असते. त्याचे वजन ‘व्यवस्थित’ भरते, पण दंड आणि मांड्या काडीसारख्या झालेल्या असतात. हृदय व मूत्रपिंडाच्या विकारांतही सूज झीज झाकून टाकते. अशा वेळी कानशिलाचा खळगा, गळ्याच्या हाडांवरचे मांस, अंगठा व तर्जनी यांमधला स्नायू हे पाहावे आणि हाताची पकड मोजावी. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार पकडीचे बळ पुरुषांत २८ किलोपेक्षा आणि स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी भरल्यास स्नायूबळ घटले, असे समजतात.

बीएमआय आणि भारतीय शरीर : किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की शरीरवस्तुमान निर्देशांक, म्हणजे बीएमआय मिळतो. हे सूत्र बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांचे, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले. त्याला आजचे नाव १९७२ मध्ये अँसेल कीज व सहकाऱ्यांनी दिले. केतले यांना सरासरी माणसाचे गणित मांडायचे होते, एकेका रुग्णाचे निदान करायचे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत १८.५ च्या खाली कमी वजन, २५ पासून जादा वजन आणि ३० पासून लठ्ठपणा. भारतीयांसाठी २००९ च्या तज्ज्ञ सहमतीने या रेषा खाली आणल्या : २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत ठीक मानला जातो.

रेषा खाली का आणाव्या लागल्या, याचे उत्तर बऱ्याच अंशी पुण्यातून आले. केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा बरीच हलकी होती. त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. बारीक दिसणारे आणि आतून चरबीचे असे हे शरीर जन्मापासूनच असते, हा त्याचा अर्थ. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी आपली छायाचित्रे शेजारी-शेजारी छापली. दोघांचा बीएमआय २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. बीएमआयची मर्यादा सांगण्यासाठी याहून नेमका पुरावा क्वचितच सापडेल.

बालके : मुलांत एकच आकडा पुरत नाही. वयाच्या मानाने वजन, वयाच्या मानाने उंची आणि उंचीच्या मानाने वजन ही मापे वेगवेगळी गोष्ट सांगतात. उंची खुंटली असेल तर उपासमार जुनी. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर ती अलीकडची. हा भेद बालकुपोषणाचे अभ्यासक असलेले ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन वॉटरलो यांनी १९७० च्या दशकात रूढ केला. त्याआधी मेक्सिकोतील गोमेझ यांची वजनावर आधारलेली वर्गवारी चाले. भारतात बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची चार श्रेणींची वर्गवारी दीर्घकाळ अंगणवाड्यांत वापरली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये सहा देशांतील (त्यांत दिल्लीही होती) मुलांच्या मोजमापांवरून नवे वृद्धिमानक दिले आणि अंगणवाडीतले तक्ते बदलले. मोजपट्टी बदलली की कुपोषितांची संख्याही बदलते. त्यामुळे जुने आणि नवे आकडे सरळ ताडून कुपोषण घटले किंवा वाढले, असे म्हणणे चुकीचे ठरते.

गावपातळीवर सर्वांत सोपे साधन म्हणजे दंडघेराची पट्टी. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल तीव्र कुपोषित, म्हणजे बोलीत ‘सॅम’, ११.५ ते १२.५ मध्ये असेल तर मध्यम कुपोषित, म्हणजे ‘मॅम’. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरल्यावर खड्डा राहत असेल, तर वजन काहीही भरो, मूल तीव्र कुपोषितच. ही शेवटची तपासणी घाईत हमखास राहून जाते. अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत, म्हणजे मेळघाटात, १९९० च्या दशकातील बालमृत्यूंमुळे हा विषय न्यायालयापर्यंत गेला. पुढे २००५ मध्ये राज्याने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू केले. तीव्र कुपोषित मुलाला भूक आहे का, हे खास आहार भरवून पाहतात. भूक असून इतर आजार नसेल तर गावातच ग्राम बालविकास केंद्रात उपचार होतात, नाहीतर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते.

आहाराची विचारपूस : गेल्या चोवीस तासांत काय-काय खाल्ले, हे क्रमाने आठवून सांगायला लावणे ही नेहमीची रीत. ती महाराष्ट्रात फसण्याची कारणेही ठरलेली आहेत. आदला दिवस एकादशीचा किंवा संकष्टीचा असला तर साबुदाणा आणि भगर रोजच्या आहारात मोजली जातात. वाटी प्रत्येक घरची निराळी, आणि दोन भाकऱ्या म्हणजे किती पीठ, हे गावागणिक बदलते. तेलाचा हिशेब माणसाला विचारून लागत नाही. महिन्याला घरात किती तेल येते आणि खाणारी तोंडे किती, हे विचारावे लागते. सगळ्यांची पाने झाल्यावर जेवणाऱ्या बाईला ‘घरात भाजी काय होती?’ असे विचारून भागत नाही. तिच्या पानात काय उरले होते, हे विचारावे लागते.

अंगावरील खुणा : तोंडाचे कोपरे चिरणे, जीभ गुळगुळीत होणे, नखे चमच्यासारखी खोलगट होणे, डोळ्यांच्या पांढऱ्यावर फेसाळ ठिपके येणे यांवरून अनुक्रमे ब गटातील जीवनसत्त्वे, ब-१२ किंवा लोह, लोह आणि अ जीवनसत्त्व यांच्या उणिवेचा संशय घेतात. उन्हात राहणाऱ्या त्वचेवरच काळपट चट्टे येणारा, नायसिन या ब गटातील जीवनसत्त्वाच्या उणिवेचा पेलाग्रा हा रोग जगात प्रामुख्याने मक्यावर जगणाऱ्यांत दिसला, दख्खनमध्ये मात्र ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत. ज्वारीतील ल्युसीन या अमिनो आम्लाचे जादा प्रमाण त्यामागे असावे, असे हैदराबादचे सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडले. आज तो क्वचित, बहुधा दारूच्या व्यसनी रुग्णांत आढळतो.

पचन : भूक, गिळताना अडखळणे, मळमळ, जेवणानंतरची पोटफुगी आणि शौचाची तऱ्हा यांची चौकशी संकोच न ठेवता करावी लागते. ‘पोट साफ होत नाही’ या तक्रारीत बद्धकोष्ठापासून नुसत्या अस्वस्थतेपर्यंत काहीही असू शकते. म्हणून मलाचे सात प्रकारचे चित्र असलेला, १९९७ चा ब्रिस्टल तक्ता रुग्णापुढे ठेवतात. पहिले दोन प्रकार बद्धकोष्ठाचे, तिसरा-चौथा निरोगी, सहावा-सातवा जुलाबाचा. मल फिकट, चिकट, दुर्गंधीयुक्त आणि पाण्यावर तरंगणारा असेल तर चरबी शोषली जात नाही, असा तर्क होतो. दोष स्वादुपिंडात असेल तर मलातील इलास्टेज हे स्वादुपिंडाचे विकर (एन्झाइम) कमी भरते. लहान आतड्यात असेल तर गव्हातील ग्लुटेनमुळे होणाऱ्या सीलिअॅक रोगासाठी रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून घेतलेला तुकडा लागतो. भारतात याच टप्प्यावर आतड्याचा क्षयरोगही डोक्यात ठेवावा लागतो. लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्याशी तो बसतो, वजन उतरवतो, आणि आतड्याला दीर्घकाळ दाह होणाऱ्या क्रोन रोगाशी त्याचे साम्य इतके असते की तज्ज्ञही चकतात. शौचावाटे रक्त, काळा मल, गिळताना अडकणे, सततची उलटी किंवा कारणाविना वजन उतरणे यांपैकी काही असेल, तर पाचक चूर्णे देत बसू नये.

चाचण्या आणि गुणांक : रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन म्हणजे पोषणाचे माप, ही समजूत अजून अनेक वॉर्डांत टिकून आहे. त्याचे अर्धायुष्य (निम्मे नाहीसे व्हायला लागणारा काळ) सुमारे वीस दिवसांचे, आणि जंतुसंसर्गात वा शस्त्रक्रियेनंतर ते दाहामुळेच खाली येते. उलट निव्वळ उपासमारीत ते बराच काळ ठीक राहते. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन), ब-१२ आणि ड जीवनसत्त्व या चाचण्या विशिष्ट उणीव शोधायला उपयोगी आहेत. रुग्णालयात दाखल होताना चाळणी म्हणून ब्रिटनमधील ‘मस्ट’ गुणांक चालतो. त्यात बीएमआय, वजनघट आणि आजारामुळे पाच दिवसांहून अधिक उपाशी राहण्याची शक्यता यांना गुण देतात. बेरीज दोन किंवा अधिक झाली की धोका मोठा. टोरोंटोत १९८० च्या दशकात घडलेली ‘एसजीए’ पद्धत कोणतीही चाचणी न करता, केवळ विचारपूस आणि हाताच्या तपासणीवर रुग्णाला अ (पोषण ठीक), ब किंवा क (तीव्र कुपोषित) श्रेणी देते.

अन्न सुरू करण्यापूर्वी : दीर्घ उपासानंतर भरपूर अन्न, विशेषतः पिष्टमय, एकदम दिले की रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते आणि हृदयाची गती बिघडून मृत्यूही येऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी कैद्यांत हे दिसले होते. बीएमआय १६ पेक्षा कमी, तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून अधिक वजनघट किंवा दहा दिवसांहून अधिक जवळजवळ उपास, यांपैकी काहीही असलेल्या रुग्णाला आधी थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, देतात. मग थोड्या उष्मांकांपासून सुरुवात करून आहार दिवसागणिक वाढवतात, आणि पहिला आठवडाभर क्षार वारंवार तपासतात. तीव्र कुपोषित बालकांना याच कारणासाठी सुरुवातीला १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी असलेले पातळ दूध देतात. सूज उतरू लागली आणि भूक परतली की १०० किलोकॅलरीच्या दुधाकडे वळतात. सूज उतरत असताना मुलाचे वजन काही दिवस घटते. ही घट अपेक्षित असते, आणि आईला ती आधीच समजावून सांगितलेली बरी.