हाक ऐकून गवसणारा मासा

वसंत लागला की पांढऱ्या सी-बास माशाच्या मागे असणारे दक्षिण कॅलिफोर्नियातले गळवाले आधी म्हाकूळ (स्क्विड) कुठे आहे याची चौकशी करतात. सांता कॅटलिना आणि इतर चॅनल बेटांच्या आसपास वाळूच्या तळावर म्हाकुळांच्या झुंडी अंडी घालायला येतात. बोटाएवढ्या पांढऱ्या पिशव्यांचे गुच्छ वाळूत रोवलेले असतात आणि त्यांच्याभोवती दमलेली, मरायला टेकलेली म्हाकुळं तरंगत असतात. एवढं आयतं खाणं पांढरा सी-बास सोडत नाही. म्हाकूळ सापडली की निम्मा शोध संपला.

हा मासा म्हणजे आपल्या घोळ, कोथ आणि ढोम्याचा भाऊबंद. कुळ सायेनिडी, शास्त्रीय नाव अ‍ॅट्रॅक्टोसायन नोबिलिस. पाठ निळसर करडी, पोट चंदेरी, छातीच्या पराच्या मुळाशी काळा डाग आणि पोटाच्या मध्यरेषेवर हाताला लागणारी उंच कड. मेक्सिकोतल्या सान फेलिपे इथे 1953 साली गळाला लागलेल्या माशाचं वजन 83 पौंड 12 औंस भरलं होतं, म्हणजे जवळजवळ 38 किलो.

या कुळाची खरी गंमत त्याच्या पोटात आहे. वाताशय, ज्याला आपले कोळी ‘बोत’ म्हणतात, ही हवेने भरलेली पिशवी. मासा तिच्यालगतचे स्नायू झपाझप आकुंचन-प्रसरण करतो आणि पिशवी ढोलकीसारखी घुमते. पाण्यात ध्वनी हवेतल्यापेक्षा सुमारे चौपट वेगाने जातो, त्यामुळे गढूळ पाण्यात किंवा अंधारात जिथे डोळे चालत नाहीत, तिथे ही हाक उपयोगी पडते. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी पाळीव माशांमध्ये ध्वनिग्राहक सोडून वेगवेगळे आवाज वेचले: सुटे ठोके, ठोक्यांच्या लागोपाठ माळा, ढोल बडवल्यासारखी घुमणी, धप्प आणि धूम. अंडी घालण्याच्या वेळी हे आवाज एकमेकांत मिसळून एकच कल्लोळ होतो, आणि ती वेळ बहुधा सूर्यास्ताच्या आगेमागे असते. हा हंगाम साधारण मार्च-एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत चालतो, ऐन भर मे-जूनमध्ये.

श्वास रोखून बुडी मारणारे भालेवाले हाच आवाज कानाने टिपतात. केल्प या उंच समुद्री शेवाळाच्या जंगलाच्या कडेला ते हालचाल न करता लोंबकळत राहतात, कारण जरा खळबळ झाली की मासा पसार होतो. बोटीवरचे लोक मात्र रात्रीच कामाला लागतात. दिवे लावले की म्हाकूळ वर येते. ती जाळीने उचलून जिवंत ठेवायची. मग पहाटेच्या करड्या उजेडात तळाशी शिशाचं वजन, त्याच्या हातभर वर गळ आणि गळाला ही जिवंत म्हाकूळ, अशी दोर सोडायची. प्रवाह मंद पण चालता हवा, पाणी थोडं हिरवट असलं तर उत्तम. मासा लागल्यावर मात्र घाई नडते. याच्या तोंडाचं मांस मऊ असतं. दोर जोराने ओढली की गळ फाडून निसटतो. रीळ सैल ठेवून त्याला पळू द्यावं लागतं, आणि तेवढ्यात समुद्रसिंह येऊन मासा पळवणार नाही ना, ही धास्ती असतेच.

जी सवय माशाला सापडू देते, तीच त्याच्या जिवावर उठते. अंडी घालायला सगळे एका जागी जमतात आणि वर आपला ठावठिकाणाही सांगतात. म्हणूनच हौशी मच्छीमाराला दिवसाला एरवी 3 मासे चालतात, पण दक्षिण कॅलिफोर्नियात 15 मार्च ते 15 जून या काळात फक्त 1. शिवाय 28 इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे 71 सेंटिमीटरपेक्षा लहान मासा परत सोडावा लागतो. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो, कारण तो माशाच्या वेळापत्रकावर बेतलेला आहे.

त्याहून मोठा बदल जाळ्यांवरच्या बंदीने घडवला. 1990 साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी किनाऱ्यालगतच्या पाण्यातल्या गिलनेटवर (मासे कल्ल्यांपाशी अडकवणाऱ्या उभ्या जाळ्यांवर) बंदी आणणारा ठराव संमत केला आणि 1994 पासून तो दक्षिण किनाऱ्यावर लागू झाला. त्यानंतर पांढरा सी-बास, महाकाय सी-बास आणि शार्कच्या दोन जाती सावरल्याचं 2008 सालच्या एका शोधनिबंधाने दाखवलं.

दुसरीकडे, 1983 पासून सरकारी मदतीने पिल्लं वाढवून सोडण्याचा कार्यक्रम सुरू होता. कार्ल्सबॅडच्या उबवणकेंद्रातून 20 लाखांहून अधिक पिल्लं समुद्रात गेली. प्रत्येकाच्या गालात धातूची बारीक खूणतार टोचलेली असे. मच्छीमार माशाचं डोकं जमा करत आणि शास्त्रज्ञ तार शोधत. पकडलेल्या माशांत या पिल्लांचा वाटा 1 टक्क्याहूनही कमी निघाला. इतक्या लोकांच्या मेहनतीचं हे फळ पाहून वाईट वाटतं, पण खूणतारा होत्या म्हणूनच ते कळलं.

आपल्या घोळीलाही हे सगळं लागू पडतं. तीही घुमते, तीही घोळक्याने जमते आणि तिच्या बोताला परदेशात सोन्याचा भाव मिळतो. 2021 साली पालघरजवळच्या मुरबे गावच्या मच्छीमारांना एकाच फेरीत दीडशेहून अधिक घोळी मिळाल्या आणि त्यांचे कोटीच्या वर पैसे झाले. आपली 1 जून ते 31 जुलैची पावसाळी बंदी यांत्रिक बोटींसाठी आहे आणि ती सगळ्या माशांना एकच. घोळ नेमकी कुठे आणि कोणत्या तारखांना जमते, हे शोधायला पालघर-डहाणूच्या पाण्यात ध्वनिग्राहक सोडून वर्षभर ऐकत राहणं शक्य आहे. त्यासाठी एकही मासा पकडावा लागत नाही.