चालू वर्तमानकाळ (इंग्रजी)

बोलण्याच्या क्षणी किंवा त्या सुमारास क्रिया सुरू असल्याचे दाखविणारे इंग्रजी क्रियारूप. मराठी व्याकरणांत यास ‘अपूर्ण वर्तमानकाळ’ म्हणतात. शाळेत मात्र ‘चालू’च रूढ आहे. ‘ॲम’, ‘इज’ किंवा ‘आर’ यांपुढे ‘इंग’ प्रत्ययान्त धातू येतो: ‘शी इज रीडिंग’.

उत्पत्तीविषयी एकमत नाही. जुन्या इंग्रजीत (सु. ११०० पर्यंत) ‘असणे’ या अर्थाचे क्रियापद आणि ‘एंडे’ प्रत्ययान्त धातुसाधित अशी रचना होती. लॅटिनवरून केलेल्या भाषांतरांत ती वरचेवर आढळते, म्हणून काही अभ्यासक तिच्यावर लॅटिनची छाया मानतात. दुसरे मूळ ‘ऑन हंटिंग’, म्हणजे ‘शिकारीवर असणे’, अशा नामरचनेत शोधतात; त्यातील ‘ऑन’ झिजून ‘अ-हंटिंग’ व पुढे नुसते ‘हंटिंग’ उरले. वेल्शमध्येही अव्यय व क्रियावाचक नाम यांची अशीच जोडणी असल्याने केल्टिक प्रभावाचा पक्ष मांडला जातो, पण केवळ साम्यावरून ऋण सिद्ध होत नाही. मध्य इंग्रजीत ‘एंडे’ची जागा ‘इंग’ने घेतली आणि दोन्ही रचना एकरूप झाल्या, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. ‘द हाउस इज बीइंग बिल्ट’ हा कर्मणी प्रयोग त्या मानाने अलीकडचा, बहुधा १८ व्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्यापूर्वी ‘द हाउस इज बिल्डिंग’ म्हणत. नव्या रूपाला १९ व्या शतकातही शुद्धतावादी नाके मुरडत होते.

ठरलेले भविष्य सांगण्यासही हा काळ चालतो. ‘उद्या पुण्याला जातोय’ म्हणणाऱ्यास ते वेगळे शिकवावे लागत नाही.

कोल्हापूरकडच्या बोलीत ‘जेवाय लागलोय’ म्हणजे जेवण सुरू केले एवढेच नव्हे, ते चालूही आहे. तेव्हा कल्पना ओळखीचीच. अडते ते ‘आहे’पाशी. ‘मला माहीत आहे’ यावरून ‘आय ॲम नोइंग’ होते, पण जाणिवेची क्रियापदे सहसा ‘इंग’ घेत नाहीत. उलट, रंकाळ्याच्या कट्ट्यावर फेटा बांधलेला म्हातारा ‘बसलाय’, म्हणून विद्यार्थी ‘हॅज सॅट’ लिहितो. इंग्रजीत तो ‘इज सिटिंग’, आणि त्याने फेटा ‘बांधलाय’ हेही ‘इज वेअरिंग’. मराठी झालेल्या क्रियेकडे पाहते, इंग्रजी टिकून असलेल्या स्थितीकडे.

‘इंग’ने तात्पुरतेपणाही सूचित होतो. मंगळवार पेठेत जन्म काढलेला माणूस ‘आय ॲम लिव्हिंग इन कोल्हापूर’ असे लिहितो, तेव्हा इंग्रजी कानाला तो चार महिन्यांचा भाडेकरू वाटतो.